रेषेवर न बसलेली दोन रीडिंग्ज

प्रिय मुली,

तुझं पत्र मिळालं. कॉलेजच्या वार्षिक अहवालात विद्यार्थ्यांच्या यशाच्या पानावर तुझं नाव नाही आणि प्रोजेक्टमधली शेवटची दोन रीडिंग्ज रेषेवर बसत नाहीत, असं तू एका दमात लिहून मोकळी झालीस. नावाचं जाऊ दे. बक्षिसं मिळाली तर आनंदाने घ्यावीत, नाही मिळाली तर कामाला लागावं. त्यावर अधिक विचार करण्यासारखं काही नाही. मात्र ती दोन रीडिंग्ज गाळून ग्राफ सरळ करायचं तुझ्या मनात आहे, हे वाचून मी लगेच लिहायला बसलो.

तू मेथिलीन ब्लू या निळ्या रंगाच्या द्रावणांचं शोषण, म्हणजे ती किती प्रकाश शोषतात, ते मोजते आहेस. बीअर-लँबर्ट नियमानुसार सांद्रता (द्रावणातलं रंगाचं प्रमाण) वाढेल त्याच प्रमाणात शोषण वाढतं, म्हणून सरळ रेषा यायला हवी. तुझी घसरलेली दोन्ही रीडिंग्ज सर्वांत गडद द्रावणांची आहेत आणि दोन्ही रेषेच्या खालीच आहेत. हात हलला असता तर एक वर गेलं असतं, एक खाली. दोन्ही एकाच बाजूला झुकली म्हणजे त्यामागे काहीतरी कारण आहे.

कारणं मुख्यतः दोन संभवतात. एक यंत्राचं: द्रावण फार गडद झालं की त्यातून पलीकडे पोचणारा प्रकाश इतका थोडा उरतो, की यंत्रातला इकडून तिकडून शिरलेला भटका प्रकाश त्याच्यात मिसळून शोषण कमी दाखवतो. दुसरं खुद्द रंगाचं: सांद्रता वाढली की मेथिलीन ब्लूचे रेणू जोडीने एकमेकांना चिकटतात. सुट्या रेणूचं शोषण 664 नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक असतं, जोडीचं 610 च्या आसपास. तू एकाच तरंगलांबीवर मोजलंस, म्हणून ही सरकासरकी तुला दिसलीच नसेल. तेव्हा गडद द्रावणांचा पूर्ण स्पेक्ट्रम, म्हणजे सगळ्या तरंगलांबींवरचं शोषण, घे आणि 610 कडे खांदा, म्हणजे मुख्य शिखराच्या बाजूचा उंचवटा, वर येतोय का ते बघ. मग तेच द्रावण निम्म्या जाडीच्या क्युव्हेटमध्ये (द्रावण ठेवायच्या पारदर्शक पात्रात) मोज. त्या आकड्याची दुप्पट रेषेवर बसली तर दोष यंत्राचा. तरीही खालीच राहिली तर रेणूंच्या जोड्या तुझ्या हाती लागल्या. हे जगाला माहीत आहे, नवा शोध नाही. पण तुला ते कोणी न सांगता तुझ्याच आकड्यांतून सापडेल, आणि मला त्याचं मोल कुठल्याही पोस्टर-बक्षिसापेक्षा जास्त वाटतं.

विद्यार्थ्यांच्या हातून मोठे शोध लागले आहेत, तेही बऱ्याचदा अशाच जागी. 1967 साली केंब्रिजमध्ये जोसलिन बेल पीएच.डी. करत होती. रेडिओ दुर्बीण उभारण्यात तिने स्वतः अंगमेहनत केली होती, आणि रोज निघणारा सुमारे 30 मीटर कागदी आलेख ती डोळ्यांनी तपासायची. त्यात तिला जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरची एक खरबरीत खूण दिसली. ती आकाशातल्या रेडिओ स्रोतांच्या लुकलुकण्यासारखीही नव्हती आणि माणसाने निर्माण केलेल्या गोंगाटासारखीही नव्हती. अशी खूण आपण आधी पाहिली आहे, आकाशाच्या याच भागात, हे तिला आठवलं. मग तिने जुने कागद काढले. खूण ताणून नीट दिसावी म्हणून वेगाने कागद सरकवून नोंद घ्यायचं ठरलं, तेव्हा ती खूण कित्येक दिवस गायबच झाली. तरी बेल रोज जात राहिली. नोव्हेंबरच्या अखेरीस अखेर स्पंदनं उमटली, सुमारे 1.34 सेकंदांच्या अंतराने. पहिला पल्सार, म्हणजे ठरावीक अंतराने रेडिओ स्पंदनं पाठवणारा तारा, सापडला तो असा. 1974 चं नोबेल तिचे मार्गदर्शक अँटनी ह्युइश यांना आणि मार्टिन राइल यांना मिळालं, तिला नाही. मला ते आजही अन्यायाचं वाटतं. म्हणून सांगतो, पेपरवर कोणाकोणाची नावं येणार हे काम सुरू होतानाच गाइडना नम्रपणे विचारून घे. त्यात संकोच कसला?

गाइडच तुझ्या निष्कर्षाला नाही म्हणाले तर काय, असंही तू विचारलं आहेस. खगोलशास्त्रज्ञ सेसिलिया पेनचं उदाहरण घे. मेघनाद साहांचं आयनीभवनाचं (अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटण्याचं) समीकरण वापरून तिने ताऱ्यांचे वर्णपट तपासले, तर हायड्रोजन इतर मूलद्रव्यांच्या मानाने अफाट निघाला. तेव्हाची समजूत अशी की ताऱ्यांची घडण साधारण पृथ्वीसारखीच असते. हेन्री नॉरिस रसेल या बड्या खगोलशास्त्रज्ञाने हे अशक्य ठरवलं, आणि 1925 च्या प्रबंधात तिला हे प्रमाण जवळजवळ नक्कीच खरं नाही असं लिहावं लागलं. पण आकडे तिने काढून टाकले नाहीत, ते प्रबंधातच राहिले. 1929 मध्ये रसेल स्वतः वेगळ्या वाटेने त्याच उत्तराला पोचले आणि तिच्या कामाचा त्यांनी उल्लेख केला. तूही गाइडशी वाद घालत बसू नकोस. त्यांचं मत लिही, आपले आकडेही लिही.

वहीचं तेवढं मनावर घे. पेनने लिही, पेन्सिलने नको. चुकलेल्या आकड्यावर एकच रेघ मार, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. तारीख, द्रावण कधी बनवलं, कोणतं यंत्र, खोलीचं तापमान, हे सगळं त्याच वेळी टिपून ठेव. क्युव्हेटवर बोटाचे ठसे होते किंवा आत बुडबुडा होता असं दिसलं, तर ते रीडिंग कारण लिहून खुशाल बाजूला ठेव. कारण सापडत नसेल तर ते ग्राफवर राहू दे. व्हायवात परीक्षक त्यावरच बोट ठेवतील; तेव्हा तू काय काय तपासलंस ते सांग.

पुढच्या पत्रासोबत सगळी रीडिंग्ज पाठव, गाळायला निघालेली दोन्हीही. क्युव्हेटची जाडी लिहायला विसरू नकोस.

अनेक आशीर्वाद.