ओपिनेल ८ नंबरचा चाकू आणि त्याची फिरती रिंग: गोव्याच्या हवेत टिकतो का?

तुम्ही पुण्याहून मडगावला बदली होऊन आला आहात, ओपिनेलचा ८ नंबरचा घडीचा चाकू मनात भरलाय, आणि तीन शंका आहेत: मुठीवरची ती फिरवायची रिंग खरंच पातं धरून ठेवते का, पावसात लाकूड फुगतं म्हणतात ते कितपत, आणि कार्बन घ्यावा की स्टेनलेस.

माझ्याकडे ८ नंबरचे दोन आहेत, एक कार्बनचा आणि एक स्टेनलेसचा. फोंडा तालुक्यात आमचं छोटं कुळागर, म्हणजे नारळ-सुपारीची बाग, आहे, त्यामुळे चाकू कपाटात न राहता रोज खिशात असतो. सात पावसाळे झाले. रिंगेनं एकदाही दगा दिलेला नाही. त्रास झाला तो लाकडाचा, आणि एकदा माझ्याच वेंधळेपणाचा.

आधी रिंग. जोसेफ ओपिनेलनं फ्रान्सच्या साव्हुआ भागात १८९० मध्ये हा चाकू काढला तेव्हा त्याच्यात लॉक नव्हतंच. लाकडी मूठ, तिला खाच, खाचेत पातं आणि एक रिवेट. १९५५ मध्ये मार्सेल ओपिनेलनं मुठीच्या तोंडाशी पोलादाची फिरती रिंग बसवली. तिचं नाव विरोब्लॉक. रिंगेला एका बाजूला फट असते. ती फट मुठीच्या खाचेसमोर आली की पातं मोकळं उघडतं-मिटतं. पातं उघडून रिंग थोडी फिरवली की फट सरकते, रिंगेची धातूची कड पात्याच्या बुडाला आडवी येते, आणि पातं मिटायला वाटच राहत नाही. २००० सालानंतरच्या चाकवांत पातं मिटलेलं असतानाही रिंग फिरवून बंद करता येते. या दुसऱ्या सोयीकडे लोक फारसं लक्ष देत नाहीत, पण गोव्यात तीच जास्त कामाची आहे. कारण पुढे सांगतो.

मला ही रिंग आवडते ती तिच्या साधेपणामुळे. हल्लीच्या बहुतेक घडीच्या चाकवांत मुठीच्या आत एक पातळ पट्टी असते, ती स्प्रिंगसारखी सरकून पात्याच्या मागे अडकते. चांगलंच काम करते, पण मिटवताना अंगठा नेमका पात्याच्या वाटेत आणावा लागतो, आणि आत माती गेली की पट्टी पूर्ण सरकली की अर्धीच, हे पटकन कळत नाही. ओपिनेलच्या रिंगेचं सगळं डोळ्यांसमोर असतं. शिवाय तिची कड किंचित तिरकी आहे, त्यामुळे फिरवाल तशी ती पाचरीसारखी घट्ट होत जाते. वर्षानुवर्षं वापरून पातं जरा ढिलं झालं तर रिंग केसभर जास्त फिरते, एवढंच. माझ्या जुन्या चाकूची रिंग आता नव्यापेक्षा थोडी पुढे जाऊन थांबते. पातं मात्र हलत नाही.

आता वेंधळेपणा. मिरवेलींना पाणी द्यायच्या पाइपला भोक पाडायचं होतं. चाकू उघडला, टोक टेकवलं आणि दाबलं. रिंग फिरवली नव्हती. या चाकूत स्विस चाकूसारखी पाठीची स्प्रिंग नसते. रिंग फिरवली नाही तर पात्याला धरून ठेवायला लाकडाचं घर्षण तेवढं असतं. टोक पाइपवरून सटकलं, पातं मिटलं, आणि मध्ये माझी तर्जनी होती. तीन टाके. दोष चाकूचा काडीचाही नाही. तेव्हापासून उघडल्यावर 'टक' असा रिंग फिरल्याचा आवाज कानांनी ऐकल्याशिवाय मी काही कापत नाही. रिंग आपोआप लागत नाही, हे घेण्याआधी पक्कं लक्षात ठेवा. हात विसरणारा असेल तर हा चाकू घेऊ नका.

आणि दोन्ही हात लागतात. एका हातानं उघडणारा चाकू हवा असेल तर हा तो नव्हे. शिडीवर, होडीत किंवा दुसऱ्या हातात दोर धरून उभे असाल तेव्हा रिंग फिरवत बसणं जमत नाही. आमचा पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा, माझा चाकू बघून फक्त हसला. त्याच्या कमरेचा कोयता त्याला पुरतो.

लाकडाबद्दल जे ऐकलंत ते खरं आहे. मूठ बीच नावाच्या लाकडाची असते, आणि हे लाकूड ओलाव्यानं बऱ्यापैकी फुगतं. पात्याच्या दोन्ही बाजूंना धातूची पट्टी वगैरे काही नाही, लाकूड थेट पात्याला भिडलेलं. फ्रान्सच्या डोंगराळ भागात ते चालून जातं. आपल्याकडे जूनपासून चार महिने घरातल्या हवेतच पाणी असतं, कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, तिथे लाकडानं काय करावं? खाचेच्या दोन्ही भिंती फुगून आत येतात आणि पातं चिमटीत धरतात. पहिल्या जुलैत मी चाकू धुऊन ओलाच खिडकीत ठेवला. दुसऱ्या दिवशी नखं तुटली तरी उघडेना. शेजारचे काका बघत होते. म्हणाले, "पावसांत दारां फुगतात तशी तुजी सुरी फुगली मरे!" मग त्यांनी रंधा आणू का म्हणून विचारलं. दाराला तोच उपाय करतात ना.

रंधा लागत नाही. साव्हुआच्या लोकांची यावर जुनी युक्ती आहे. रिंग मोकळी आहे याची खात्री करायची, मूठ सैल धरायची आणि तिचं शेपटाकडचं टोक टेबलावर किंवा दगडावर ठक्कन आपटायचं. झटक्यानं पातं बोटभर बाहेर येतं, मग नखानं उघडायचं. तीन-चार ठोके लागले तरी घाबरू नका. फक्त दुसरा हात पात्याच्या वाटेत नको. पहिल्यांदा जमलं तेव्हा मी घरातल्या सगळ्यांना बोलावून करून दाखवलं होतं. कुणावर फारसा परिणाम झाला नाही.

कायमचा इलाज म्हणजे घेतल्या घेतल्या, शक्यतो मार्च-एप्रिलच्या कोरड्या दिवसांत, मुठीला जवसाचं तेल पाजायचं. काडीला कापूस गुंडाळून खाचेच्या आतूनही. रात्रभर मुरू द्यायचं, पुसायचं, दोन-तीन दिवसांनी परत. जवसाचं तेल लाकडात वाळून घट्ट होतं. खोबरेल घरात आहे म्हणून तेच लावू नका, ते वाळतच नाही, मूठ तेलकट राहते आणि खिशाला डाग पडतात. तेलात भिजलेला कापूस किंवा फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि बोळा स्वतःहून पेटू शकतो. उन्हात पसरून वाळवा आणि मग टाका. एवढं केल्यावर जुलैत माझा चाकू जड चालतो, पण चालतो. त्याउलट मार्चमध्ये लाकूड इतकं आकसतं की पातं मुठीत लडबडतं. तेव्हा ती मिटल्यावर बंद करायची रिंग उपयोगी पडते, नाहीतर खिशात पातं आपोआप उघडायची भीती. एकाच चाकूचे हे दोन स्वभाव इथे राहून सवयीचे होतात.

रिंगेचे शत्रू दोनच, फणसाचा चीक आणि समुद्राची वाळू. फणस कापताना चीक रिंगेखाली गेला की ती डिंकानं चिकटवल्यासारखी होते. इथे मात्र खोबरेल कामाचं. आधीच पात्याला आणि रिंगेला बोटभर चोळा, नंतर कापडानं पुसा. वाळू गेली तर रिंग करकरते. कोरड्या ब्रशनं झाडून शिलाई मशिनच्या तेलाचा एक थेंब टाकला की मोकळी होते.

कार्बन की स्टेनलेस? तुमच्यासाठी डोळे मिटून स्टेनलेस. कार्बनला धार झटकन लागते, दगडावर पाच मिनिटांत दाढी होईल अशी, म्हणून कुळागरात मी तोच नेतो. पण मानकुराद आंबा कापला की पातं काळंनिळं पडतं आणि पहिल्या काही फोडींना लोखंडाचा वास येतो. ते काळं पडणं वाईट नाही, तो थर पात्याला गंजापासून थोडं वाचवतो. काही जण मुद्दाम पातं व्हिनेगरमध्ये बुडवून तो थर आणतात. मी माडाच्या सुरेच्या, म्हणजे माडीच्या, व्हिनेगरमध्ये अर्धा तास ठेवून पाहिलं, छान राखाडी झालं. मात्र खारी हवा कार्बनला सोसत नाही. माझे भावोजी मांडवीत बार्जवर असतात, त्यांनी आठवडाभर कार्बनचा चाकू न पुसता ठेवला आणि पात्यावर तांबड्या चांदण्या उमटल्या. आता त्यांच्याकडे स्टेनलेसचा ६ नंबर आहे, आंबे आणि दोऱ्या कापायला. त्यांना तो ८ पेक्षा हाताला बरा वाटतो. माझ्या पंजाला छोटा पडतो. ६ च्या खालच्या नंबरांना रिंग नसते, तेव्हा स्वस्त दिसला म्हणून ४ किंवा ५ उचलू नका. ८ चं पातं साडेआठ सेंटिमीटर आहे, रोजच्या कामाला तेवढं भरपूर.

आईचं मत वेगळंच. मासळी, नारळ, भाजी, सगळं तिचं आडोळीवर, म्हणजे विळीवर. चाकू हातात घेऊन रिंग दोनदा फिरवली, म्हणाली खेळणं बरं आहे, आणि परत दिला.

पातं पातळ आहे, तेव्हा त्यानं शिंपल्या उघडणं, डबे उचकटणं असले प्रकार करू नका. माझ्या मित्रानं तिसऱ्या नावाच्या शिंपल्यांवर प्रयोग केला आणि टोक दोन मिलिमीटरनं गेलं.

पात्यावर मुकुट घातलेल्या हाताचा शिक्का असतो, त्याबद्दल गोव्यात हमखास विचारतात. साव्हुआतल्या सँ-जाँ-द-मोरिएन गावच्या कॅथेड्रलमध्ये संत जॉन बाप्तिस्ताच्या बोटांचे अवशेष जपलेत अशी श्रद्धा आहे. गावच्या चिन्हातला तो आशीर्वादाचा हात ओपिनेलनं घेतला आणि वर साव्हुआच्या डचीचा, म्हणजे ड्यूकच्या राज्याचा, मुकुट बसवला. जुन्या गोव्याची फेस्त, म्हणजे संत झेवियरचा उत्सव, पाहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आमच्या शेजारच्या बाईंनी शिक्का पाहिला आणि चाकू कपाळाला लावूनच परत दिला.

पुण्याला विमानानं जाताना तो केबिनच्या बॅगेत नेऊ देत नाहीत, चेक-इनमध्ये टाका. दाबोळीला माझ्या पुढच्या माणसाचा असाच एक चाकू डब्यात गेलेला मी पाहिलाय. आणि घेताना दुकानात असाल तर पातं अर्धं उघडून प्रकाशासमोर धरा, दोन्ही बाजूंना सारखी फट दिसते का बघा. एका बाजूला आधीच घासत असेल तर तो परत करा आणि दुसरा मागा. पावसात तो घासणारा भाग सगळ्यात आधी अडकतो.