दुर्बिणीतून टाका घालताना गाठ का जमत नाही?

इंदूरला सर्जरीचं पीजी करताय, ओपनमध्ये, म्हणजे पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेत, गाठ झटकन बसते आणि लॅप्रोस्कोपीत (दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत) हात अडतो, असं तुम्ही लिहिलंय. दोष हातांचा नाही. पोर्ट, म्हणजे हत्यार आत घालायची पोटावरची नळी, हा टेकू असल्याने हात उजवीकडे नेला की हत्याराचं टोक डावीकडे जातं. पडद्यावर खोली कळत नाही आणि हत्याराला मनगट नसतं.

आधी पोर्ट बघा. दोन्ही हत्यारांमधला कोन साधारण ६० अंश हवा. तो फार लहान असला तर हत्यारं एकमेकांवर आपटतात.

एका टाक्याला १२ ते १५ सेंमी दोरा पुरे. लांब दोऱ्याचा नुसता गुंता होतो. सुई आत नेताना सुई न धरता तिच्यामागे २-३ सेंमीवर दोरा धरा. आत गेल्यावर सुई तिच्या टोकापासून दोन-तृतीयांश अंतरावर, काटकोनात पकडा. पकड तिरकी असली की सुई ऊतीत फिरते आणि भोक फाटतं. हे घाईत सगळ्यांत जास्त हुकतं.

गाठ बिघडते ती बहुधा शेपटीमुळे, म्हणजे दोऱ्याच्या सुई नसलेल्या मोकळ्या टोकामुळे. शेपूट दीड-दोन सेंमीच ठेवा, दोऱ्याचा इंग्रजी ‘सी’ करा, वेढे घेताना दोन्ही हत्यारांची टोकं शेपटीजवळच राहू द्या. पहिला वेढा दुहेरी, पुढचे दोन एकेरी, उलटसुलट दिशेने. पॉलिप्रोपिलीनचा दोरा मात्र नीडल होल्डरने (सुई धरायच्या हत्याराने) चिमटू नका, तिथेच तुटतो.

सरावाला इंदूरच्या बर्तन बाजारातला प्लास्टिकचा डबा, वेबकॅम आणि फोम एवढं पुरतं. रोज अर्धा तास, डाव्या हातानेही.