वाचकांचे प्रश्न : टेबलावर चालते, यंत्रावर अडखळते

प्रश्न : बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत आमचा चार जणांचा लहान कारखाना आहे. पाऊच भरणाऱ्या यंत्रांसाठी आम्ही कंट्रोलर बनवतो. ८ बिटांचा मायक्रोकंट्रोलर (एका चिपवरचा छोटा संगणक) एन्कोडरचे (यंत्र किती फिरले ते पल्सने सांगणाऱ्या साधनाचे) पल्स इंटरप्टमध्ये (चालू काम क्षणभर थांबवून केल्या जाणाऱ्या कामात) मोजतो, आय-मार्क (पाऊचच्या पट्टीवर छापलेली खूण) दिसल्यानंतर ठरलेल्या पल्सवर कटर चालवतो, हीटरचे तापमान राखतो आणि लहान पडद्यावर आकडे दाखवतो. टेबलावर दोन दिवस सलग चालवून पाहिले, एकही चूक आढळली नाही. मात्र लिलो चिवडो भरणाऱ्या एका गिऱ्हाइकाकडे चार-पाच दिवसांतून एकदा एखादा पाऊच भलत्याच ठिकाणी कापला जातो, आणि कधी पडदा गोठून सगळेच थांबते. सहकाऱ्याने वॉचडॉग टायमर (ठरलेल्या वेळेत कार्यक्रमाकडून हजेरी न आल्यास कंट्रोलर रीसेट करणारी सोय) सुरू केल्यापासून कंट्रोलर आपोआप पुन्हा चालू होतो आणि तक्रारीही थांबल्या आहेत. एवढ्यावर समाधान मानावे काय? पुढचे यंत्र पाठवण्यापूर्वी चाचणी कशी घ्यावी?

उत्तर : समाधान मानू नये. वॉचडॉग ही शेवटची तटबंदी आहे. त्यामुळे तक्रार थांबली असली तरी दोष जागच्या जागी आहे, आणि आता तो तुमच्यापासूनही लपला आहे. बहुतेक मायक्रोकंट्रोलरमध्ये रीसेट कशामुळे झाला हे सांगणारे रजिस्टर असते. सुरू होताच ते वाचून, कारण आणि रीसेटची संख्या ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या स्मृतीत) साठवण्याची सोय आजच करा, म्हणजे पुढच्या भेटीत अंदाजावर बोलावे लागणार नाही. वॉचडॉगला हजेरी देणारी ओळ तुमच्या सहकाऱ्याने कोठे लिहिली आहे तेही तपासा. ती टायमरच्या इंटरप्टमध्ये असेल तर मुख्य कार्यक्रम अडकून पडला तरी हजेरी लागतच राहील आणि वॉचडॉगचा उपयोग शून्य होईल. प्रत्येक कामाने आपली फेरी पूर्ण केल्याची खूण ठेवावी आणि सर्व खुणा जमल्या तरच हजेरी द्यावी, ही रीत अधिक भरवशाची आहे.

आता दोषाकडे वळू. तुमच्या वर्णनावरून हे एक नसून दोन वेगळे दोष असावेत असे दिसते. पहिला, भलत्या ठिकाणी कापण्याचा. पल्सची संख्या १६ बिटांची असेल तर ८ बिटांचा मायक्रोकंट्रोलर ती दोन तुकड्यांत वाचतो. समजा संख्या २५५ आहे. मुख्य कार्यक्रमाने खालचा बाइट वाचला, तो २५५ निघाला. नेमक्या त्याच क्षणी पल्स येऊन इंटरप्टने संख्या २५६ केली. त्यानंतर वरचा बाइट वाचला, तो १ निघाला. कार्यक्रमाच्या हाती आले ५११, म्हणजे खऱ्यापेक्षा जवळजवळ २५६ पल्स जास्त. ही गफलत होण्यासाठी संख्या २५६च्या पटीवर असावी लागते आणि पल्स दोन सूचनांच्या मधल्या सूक्ष्म फटीतच यावा लागतो. टेबलावर दोन दिवसांत ती दिसली नाही यात नवल नाही. दिवसभर न थांबता चालणाऱ्या यंत्रावर मात्र ती कधी ना कधी घडतेच. उपाय सोपा आहे : क्षणभर इंटरप्ट बंद करून संख्येची प्रत घ्यावी, इंटरप्ट पूर्ववत करावा आणि पुढचा हिशेब त्या प्रतीवर करावा. चल (व्हेरिएबल) ‘व्होलटाइल’, म्हणजे दर वेळी स्मृतीतून नव्याने वाचायचे, असे जाहीर केल्याने हा दोष जात नाही. असा गैरसमज मी अनुभवी लोकांतही पाहिला आहे.

दुसरा दोष पडदा गोठण्याचा. पडदा आय-टू-सी (दोन तारांच्या जोडणी) वर जोडलेला असेल तर तो उत्तर देईपर्यंत थांबणारी एखादी ओळ लायब्ररीतून (तयार कोडच्या संग्रहातून) घेतलेल्या कोडमध्ये असण्याची दाट शक्यता आहे. शेजारचा कॉन्टॅक्टर (मोठा विद्युत स्विच) सुटताना होणाऱ्या विद्युत गोंगाटाने एखादा सिग्नल बिघडला, की ते उत्तर कधीच येत नाही आणि कार्यक्रम त्या ओळीवर जन्मभर उभा राहतो. फर्मवेअरमध्ये (कंट्रोलरमधल्या कार्यक्रमात) मुदतीशिवाय वाट पाहणारी एकही ओळ असू नये. मुदत संपल्यास पडदा नव्याने सुरू करावा, आणि तोही जमले नाही तर पडद्याविना काम चालू ठेवावे. पाऊच कापण्यासाठी पडद्याची गरज नाही.

चाचणीचा विचार करताना ‘किती दिवस चालले’ हा प्रश्न बाजूला ठेवा आणि ‘सर्वांत वाईट वेळी किती वेळ लागला’ हा प्रश्न विचारा. त्यासाठी महागडी साधने लागत नाहीत. आय-मार्कचा सिग्नल ऑसिलोस्कोपच्या (सिग्नल रेषेच्या रूपात दाखवणाऱ्या उपकरणाच्या) एका वाहिनीला आणि कटरचा आदेश दुसऱ्या वाहिनीला जोडा, जुन्या रेषा पडद्यावर राहू देण्याची सोय चालू करा आणि रात्रभर सोडून द्या. सकाळी दिसणाऱ्या पट्ट्याची सर्वांत लांबची कड हीच तुमच्या यंत्राची खरी गती. सरासरीला येथे किंमत नाही. एन्कोडरऐवजी दुसऱ्या स्वस्त मायक्रोकंट्रोलरने पल्स द्या, म्हणजे यंत्राच्या कमाल वेगाच्या दीडपट वेग, गहाळ पल्स, एकाच वेळी आलेला आय-मार्क आणि बटण असे प्रसंग हवे तितक्या वेळा घडवता येतील. स्टॅकची (कार्यक्रमाच्या तात्पुरत्या नोंदींच्या स्मृतीची) जागा सुरुवातीला ठरावीक आकड्याने भरून ठेवा आणि दिवसाअखेर तो आकडा कोठवर पुसला गेला ते पाहा, म्हणजे ही जागा पुरते की नाही ते कळेल. वीजपुरवठा हळूहळू खाली आणून, झटके देऊन आणि शेजारी खरा कॉन्टॅक्टर वाजवूनही पाहा. ही शेवटची चाचणी मी तरुणपणी टाळली होती. परिणामी एका गिऱ्हाइकाच्या कारखान्यात सलग तीन रात्री जागून काढाव्या लागल्या.

आणखी एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी सांगतो. रीसेटच्या काळात मायक्रोकंट्रोलरचे पाय (पिना) कोणाच्याही ताब्यात नसतात. त्या वेळी हीटर बंद आणि कटर मागे राहील अशी रेझिस्टरची जोडणी सर्किटमध्येच हवी, आणि हीटरवर सॉफ्टवेअरशी संबंध नसलेला वेगळा थर्मोस्टॅट हवा. थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्रात आधीच्या यंत्रांतील विद्युत-यांत्रिक अडसर काढून सगळा भार सॉफ्टवेअरवर टाकला होता. १९८५ ते १९८७ या काळात सहा रुग्णांना प्रचंड मात्रेचे किरण लागले, आणि त्यामागच्या दोषांपैकी एक तुमच्यासारखाच, दोन कामांनी एकाच वेळी एकच माहिती हाताळण्याचा होता.

प्रश्न : अशा कामासाठी रीअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिम (कामे प्राधान्यक्रमाने वाटून चालवणारी प्रणाली) घेतली तर असे दोष आपोआप टळतील काय? (दांडिया बाजार, बडोदा)

उत्तर : टळणार नाहीत, काही नवे येतील. कामे तीन-चारच असतील आणि मुख्य फेरीचा सर्वांत लांब वेळ सर्वांत कडक मुदतीपेक्षा कमी असेल, तर साधी फेरी (कामे एकामागून एक करत राहणे) पुरते. कामे वाढली, त्यांच्या मुदती परस्परांपासून दूर गेल्या, की प्राधान्यक्रमाची गरज भासते. लिऊ आणि लेलँड या संशोधकांनी १९७३ मध्ये सिद्ध केले, की ठरावीक काळाने येणारी व परस्परांवर अवलंबून नसलेली कामे असतील आणि ज्याचा आवर्तकाल लहान त्याला वरचे प्राधान्य दिले, तर प्रोसेसरचा एकूण वापर सुमारे ६९ टक्क्यांच्या आत असताना, कामे कितीही असोत, सर्व मुदती पाळल्या जातात. तीन कामांसाठी ही मर्यादा सुमारे ७८ टक्के आहे. अर्थात हिशेबात प्रत्येक कामाचा सर्वाधिक वेळ धरावा लागतो.

नव्या दोषाचे उदाहरण मंगळावरचे आहे. ४ जुलै १९९७ रोजी उतरलेले पाथफाइंडर यान काही दिवसांनी वारंवार रीसेट होऊ लागले. हवामानाची माहिती गोळा करणाऱ्या कमी प्राधान्याच्या कामाने एक कुलूप (सामाईक माहिती एका वेळी एकाच कामाला वापरू देणारी सोय) धरले होते, वरच्या प्राधान्याच्या बस-व्यवस्थापनाला (यानातील माहितीवाहिनी सांभाळणाऱ्या कामाला) तेच कुलूप हवे होते, आणि मधल्या प्राधान्याची दळणवळणाची कामे खालच्या कामाला पुढे सरकू देत नव्हती. कुलूप धरणाऱ्याला तेवढ्यापुरते वरचे प्राधान्य देण्याची सोय प्रणालीत होती, पण त्या कुलपासाठी ती बंद होती. अभियंत्यांनी पृथ्वीवरच्या प्रतिकृतीवर दोष पुन्हा घडवला आणि ती सोय चालू करणारी दुरुस्ती यानाकडे पाठवली. उड्डाणापूर्वीच्या चाचण्यांतही असे रीसेट क्वचित दिसले होते. ते पुन्हा घडवता न आल्याने बाजूला ठेवले गेले होते.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. आमच्या सोसायटीच्या टाकीचा पंपनियंत्रक साधारण पन्नास दिवसांनी बंद पडतो आणि स्विच बंद-चालू केला की ठीक होतो. हा योगायोग आहे काय? (बडोदा)

उत्तर : आपण दिवस मोजून ठेवलेत हे उत्तम केलेत, कारण निदान त्यातच आहे. मिलिसेकंद मोजणारा ३२ बिटांचा गणक ४,२९,४९,६७,२९६ पर्यंत पोचताच शून्यावर येतो, आणि एवढे मिलिसेकंद म्हणजे ४९ दिवस व सुमारे १७ तास. ‘आत्ताची वेळ सुरुवातीच्या वेळेत अवधी मिळवून येणाऱ्या आकड्यापेक्षा मोठी आहे काय’ अशी तुलना लिहिली असेल तर ती या वळणावर चुकते. ‘आत्ताची वेळ वजा सुरुवात’ ही वजाबाकी चिन्हरहित संख्यांत करून ती अवधीशी ताडून पाहिली तर चुकत नाही. याच जातीच्या दोषामुळे २०१५ मध्ये अमेरिकी विमान प्रशासनाने बोइंग ७८७ विमानांचा वीजपुरवठा ठरावीक काळाने पूर्ण बंद करण्याचा आदेश काढला होता. तेथील जनित्रांचे नियंत्रक २४८ दिवस सलग चालल्यावर बंद पडू शकत होते. नियंत्रक बनवणाऱ्याला सांगावे, की दुरुस्ती तपासण्यासाठी पन्नास दिवस थांबण्याची गरज नाही. गणक शून्याऐवजी उलटण्याच्या एक मिनिट आधीच्या आकड्यापासून सुरू करावा आणि पंप चालतो काय ते समोर उभे राहून पाहावे.