गॅस फायरप्लेसमधले कोळसे: वाचकांचे प्रश्न

थंडी सुरू झाली की ब्रिटनमधल्या मराठी घरांतून गॅस फायरप्लेसविषयी प्रश्न येऊ लागतात आणि बहुतेकांच्या मुळाशी एकच गैरसमज असतो, तो म्हणजे बर्नरवरचे सिरॅमिकचे कोळसे निव्वळ शोभेसाठी असतात. म्हणून पुन्हा एकदा लिहितो.

प्रश्न: धूळ पुसताना कोळसे काढले आणि आता त्यांच्या जागा आठवत नाहीत. अंदाजाने मांडले तर चालतील का?

नाही. तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत मांडणीची आकृती असते. ती हरवली असेल तर उत्पादकाकडून मागवा आणि तोवर आग पेटवू नका.

प्रश्न: ज्योत पिवळी दिसते. नातेवाईक म्हणतात की हा धोका आहे.

स्वयंपाकाच्या शेगडीची ज्योत निळी हवी, हे खरे. पण कोळशाचा भास देणाऱ्या फायरप्लेसमध्ये ती मुद्दाम पिवळी ठेवलेली असते. ऐकीव सल्ल्यापेक्षा कोळशांवर काजळी धरते आहे का, ते पाहा.

प्रश्न: कोळशांमध्ये फटी दिसतात. ‘सर्व फायरप्लेसना चालणारे’ कोळसे ऑनलाइन स्वस्त मिळतात, त्यांतले पाचसहा वरून घातले तर?

कृपा करून घालू नका. ज्याला तुम्ही फट म्हणता ती ज्योतीची वाट आहे. ती बुजली की ज्योत सिरॅमिकवर आदळते, तिथे थंड पडते, गॅस अर्धवट जळतो, कार्बनचे कण काजळी होऊन बसतात आणि त्याबरोबर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो, ज्याला ना रंग असतो ना वास. साचलेल्या काजळीने वाट आणखी अरुंद होते, त्यामुळे हा दोष दिवसागणिक वाढतच जातो. एका घरी मी पुढच्या रांगेतला एकच कोळसा उलटा ठेवलेला पाहिला. बाकीचे स्वच्छ होते, पण त्याच्या पोटाखाली मखमलीसारखी काजळी बोटाच्या पेराएवढी साचली होती. एका कोळशाने एवढे होते, तर पाचसहांनी काय होईल? प्रत्येक फायरप्लेसची चाचणी तिच्याच संचावर, ठरलेल्या संख्येत आणि ठरलेल्या मांडणीत झालेली असते. तेव्हा ‘सर्वांना चालणारे’ हे शब्द केवळ माल खपवण्यासाठी आहेत. कोळसा तुटला तर उत्पादकाचाच घ्या आणि तो तंत्रज्ञाकडून बसवून घ्या.

प्रश्न: कोकणातून आणलेले समुद्रकाठचे गोटे आत ठेवावेत का?

मुळीच नको. दगडात मुरलेल्या पाण्याची वाफ झाली की दगड फुटतो आणि त्याच्या कपच्या खोलीत उडतात.

प्रश्न: फायरप्लेसच्या वरच्या भिंतीवर काळा डाग आला आहे, संध्याकाळी डोके दुखते. वार्षिक तपासणी मार्चमध्ये आहे, तोवर थांबावे का?

एक दिवसही थांबू नका. आग बंद करा, खिडक्या उघडा, सर्वांना घेऊन बाहेर पडा, गॅसच्या आपत्कालीन सेवेला ०८०० १११ ९९९ वर कळवा आणि डोकेदुखीसाठी डॉक्टरांना भेटून कार्बन मोनॉक्साइडची शंका स्पष्ट शब्दांत सांगा. घर भाड्याचे असेल तर दर १२ महिन्यांनी गॅसची तपासणी करून घेणे ही घरमालकाची कायदेशीर जबाबदारी आहे. इंग्लंडमध्ये फायरप्लेस असलेल्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावणेही १ ऑक्टोबर २०२२ पासून त्याला बंधनकारक आहे. दुरुस्तीला ‘गॅस सेफ’ या गॅस तंत्रज्ञांच्या अधिकृत यादीत नोंदणी असलेलाच तंत्रज्ञ बोलवा आणि त्याच्या ओळखपत्राची मागची बाजू वाचा, कारण त्याला कोणत्या उपकरणांवर काम करता येते ते तिथेच लिहिलेले असते.