गिझरची कॉइल : तांबं, स्टील की इन्कोलॉय?

प्रश्न : बोअरचं पाणी आहे. गिझरची स्टीलची कॉइल वर्षभरही टिकत नाही. टाचणीएवढं छिद्र पडतं आणि आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) पडतो. दुकानदार तांब्याची घ्या म्हणतो. घ्यावी का? (लातूर)

उत्तर : आधी पाणी तपासून घ्या. अहवालात क्लोराइड आणि एकूण कठीणपणा हे दोन आकडे बघायचे. आयएस 10500 या भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात क्लोराइड लिटरला 250 मिलिग्रॅमपर्यंत असावं. दुसरा स्रोतच नसेल तर 1000 पर्यंत चालवून घेतात. माणसाला चाललेलं पाणी 304 या प्रकारच्या स्टेनलेस स्टीलला मात्र सोसेलच असं नाही. या स्टीलला वाचवतो तो क्रोमियम ऑक्साइडचा पातळ पापुद्रा. क्लोराइड तो एखाद्याच ठिकाणी फोडतं आणि तिथेच खड्डा खोल होत जातो. बाकी नळी चकचकीत राहते. नळीत तारेभोवती ठासलेली मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ओल पटकन धरते, मग करंट गळतो. आरसीसीबी त्याचं काम चोख करतोय, तो बायपास करू नका.

क्षारांचा थर हे दुसरं दुखणं. थराखाली नळी जास्त तापते, क्लोराइडही तिथेच साठतं. तांबं गोड्या पाण्यात उत्तम, पण असा थर धरणाऱ्या पाण्यात तेही लवकर जातं. तुमच्यासाठी इन्कोलॉय 800 हा निकेल, लोखंड आणि क्रोमियमचा मिश्रधातू बरा, त्यात निकेल 30 ते 35 टक्के असतं. क्लोराइड फारच असेल तर 825 घ्या. त्यात मॉलिब्डेनमही असल्याने खड्डे पडायला ते जास्त विरोध करतं. डब्यावर नुसतं ‘इन्कोलॉय’ छापलेलं असतं, तेव्हा नंबर विचाराच.

आणि धातूइतकीच लांबी महत्त्वाची. 2000 वॉट, 8 मिमी जाडीची नळी, तापणारा भाग 80 सेंमी : पृष्ठभाग सुमारे 200 चौ. सेंमी, म्हणजे चौ. सेंमीला 10 वॉट. तेवढ्याच वॉटची दुप्पट लांबीची, जास्त वळणांची कॉइल टाकीत मावत असेल तर हा आकडा 5 वर येतो आणि थर सावकाश धरतो. थर्मोस्टॅट 55 अंशांवर ठेवा. मॅग्नेशियमचा अॅनोड (टाकी गंजू नये म्हणून स्वतः झिजणारा दांडा) दरवर्षी काढून बघा. आतली सळई दिसू लागली की बदला. थर काढताना वीज बंद करून कॉइल बाहेर काढा आणि लिटरभर पाण्यात 50 ग्रॅम सायट्रिक अॅसिड घालून तिचा तापणारा भागच बुडवा, जोडणीची टोकं कोरडी ठेवा. संडास धुण्याचं अॅसिड स्टीलला लावणं म्हणजे पुन्हा क्लोराइडच.

प्रश्न : निकेल प्लेटिंगच्या टाकीत 316 स्टेनलेस स्टीलचा हीटरही खाल्ला जातोय. (भोसरी)

उत्तर : खाल्ला जाणारच. लिटरला 50 ग्रॅम निकेल क्लोराइडचे स्फटिक म्हणजे जवळपास 15 ग्रॅम क्लोराइड, तेही आम्लधर्मी गरम द्रावणात. 316 मधलं 2-3 टक्के मॉलिब्डेनम तिथे अपुरं पडतं, शिवाय त्यातून विरघळलेलं लोखंड आणि क्रोमियम निकेलचं प्लेटिंग बिघडवतं. टायटॅनियमचा हीटर लावा. तो अॅनोड (टाकीतली निकेलची पट्टी) आणि जॉब (प्लेटिंग करायचा नग) यांच्या मधे टांगू नका, आणि पातळी घसरताच वीज तोडणारा फ्लोट स्विच हवाच. हाच हीटर फ्लोराइड असलेल्या क्रोम टाकीत मात्र नेऊ नका. फ्लोराइड टायटॅनियमला खातं. तिथे टेफ्लॉनचं आवरण लागतं.

प्रश्न : कॉस्टिक सोड्याच्या डिग्रीझिंग (तेल-ग्रीस काढायच्या) टाकीलाही टायटॅनियमच का? (भोसरी)

उत्तर : नको. तिथे साध्या लोखंडी नळीचा हीटर चालतो. क्वार्ट्झचा तेवढा टाळा, गरम कॉस्टिक त्याला झिजवतं.