रद्दी बंबात घालावी की रद्दीवाल्याला द्यावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: घरात वर्तमानपत्रं, खोकी, मुलांच्या वह्या, बँकेची कागदपत्रं साठत जातात. रद्दीवाला भाव धड देत नाही, वर काटा मारतो. घरी तांब्याचा बंब आहे, मग त्यातच हे सगळं घालून पाणी तापवलं तर काय बिघडलं? नाहीतरी पुढे त्या रद्दीचं काय करतात कुणास ठाऊक.

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण त्या रद्दीचं पुढे काय करतात हे बघण्यातच माझी नोकरी गेली. रद्दीपासून खोक्यांचा खाकी कागद काढणाऱ्या एका कारखान्यात मी लगद्याच्या बाजूला होतो.

रद्दीचे दाबून बांधलेले गठ्ठे आले की ते हायड्रापल्परमध्ये पडतात. हा एक प्रचंड हौद, तळाशी फिरणारं पातं. शंभर भागांत चार-पाच भाग कागद आणि बाकी पाणी. कागद पाण्यात विरघळत नाही, त्याचे तंतू फक्त एकमेकांपासून सुटे होतात आणि थोड्याच वेळात हौदात करड्या-तपकिरी रंगाची पेज फिरायला लागते. त्या पेजेत एक दोर सोडून ठेवलेला असतो. त्याला रॅगर म्हणतात. सुतळी, पॅकिंगच्या पट्ट्या, तारा, प्लास्टिकच्या पिशव्या त्याच्याभोवती गुंडाळत जातात आणि दोर सावकाश वर ओढून घेतला जातो. मांडीएवढा जाड होऊन बाहेर येणारा तो दोर मी कितीदा तरी निरखून पाहिला आहे. त्यात राख्या असत, चपलेचे पट्टे असत, कॅसेटची टेप असे, लग्नपत्रिकेची सोनेरी लेस असे. लोक रद्दीच्या गठ्ठ्यात काय काय घालतात ते तिथे कळतं.

पुढे चाळण्या, वाळू-पिना काढणारी यंत्रं, मग जाळीवर पातळ थर, दाब, वाफेवर तापलेले रूळ आणि शेवटी कागदाचा रोल. स्टेपलरच्या पिना काढायच्या का असं मला पुष्कळ जण विचारतात. नका काढू, पिन जड असते, ती आपोआप वेगळी पडते. आमचा खरा शत्रू होता चिकटपणा. खोक्यावरची तपकिरी टेप, पुस्तकाच्या बांधणीचा गोंद, स्टिकर. ह्यांचे बारीक कण चाळणीतून निसटतात, तापल्या रुळावर चिकटतात, तिथे कागदाला भोक पडतं, कागद तुटतो आणि मशीन थांबतं. तुम्ही खोकं देताना टेप ओढून काढलीत तर कारखान्यातल्या कुणाची तरी पाळी सुखाची जाते, एवढं नक्की.

आता जाळण्याचा विषय. कागदाचा तंतू कायमचा टिकत नाही. प्रत्येक फेरीत तो थोडा झिजतो, आखूड होतो आणि पाच-सात फेऱ्यांनंतर पाण्याबरोबर वाहून जाण्याइतका बारीक होतो. म्हणजे साखळी चालू राहायला मध्येच कुठून तरी नवा, लांब तंतू यावा लागतो. आपल्या खोक्यांचा कागद बरेचदा फेऱ्या मारून दमलेला असतो, म्हणून आपले कारखाने अमेरिका-युरोपातून रद्दीची कंटेनर मागवतात. तिकडच्या खोक्यांत सूचिपर्णी झाडांचा लांब तंतू सापडतो. वापीसारख्या ठिकाणी, जिथे खाकी कागदाच्या गिरण्या रांगेनं उभ्या आहेत, तिथे ही परदेशी रद्दी आणि आपल्या गल्लीतली रद्दी एकाच हौदात पडते. आपण इकडे चांगला कागद बंबात घालायचा आणि गिरणीनं परकीय चलन मोजून दुसऱ्यांची रद्दी आणायची, हा व्यवहार मला कधी पटला नाही.

आणि घरातला सगळ्यात चांगला तंतू कुठे असतो, तर मुलांच्या वह्यांत आणि झेरॉक्सच्या कागदांत. त्यातलं लिग्निन, म्हणजे लाकडाचे तंतू एकमेकांना धरून ठेवणारं द्रव्य, रसायनांनी काढून टाकलेलं असतं, म्हणून तो पांढरा राहतो. वर्तमानपत्राच्या कागदात लिग्निन तसंच राहतं, म्हणून तो उन्हात चार दिवसांत पिवळा पडतो. तरी बऱ्याच ठिकाणी रद्दीवाला वर्तमानपत्राला वह्यांपेक्षा जास्त भाव देतो, कारण ते गिरणीत जाण्याआधी पुड्या, पिशव्या, फळांचं पॅकिंग अशी एक नोकरी करून जातं. इंग्रजी वर्तमानपत्राला मराठीपेक्षा वर भाव मिळतो हे तर तुम्ही ऐकलंच असेल. त्यात भाषेचा अपमान नाही, कागद बरा असतो इतकंच. फक्त त्या पुड्यांत वडे-भजी बांधून घेऊ नका. छापील कागदात खाद्यपदार्थ गुंडाळू नयेत असं अन्नसुरक्षा प्राधिकरणानं 2016 मध्ये सांगितलं आणि 2023 मध्ये पुन्हा सांगितलं. गाड्यावर फरक शून्य.

बंबाचा हिशेब मात्र करून बघू, कारण 'फुकटात पाणी तापतं' हा तुमचा मुद्दा तिथेच तपासता येतो. एक मोठी बादली, 20 लिटर पाणी, 20 अंशांवरून 45 अंशांवर न्यायचं तर 500 किलोकॅलरी लागतात. कोरड्या कागदाच्या एका किलोत साधारण साडेतीन हजार किलोकॅलरी असतात, जवळपास लाकडाइतक्याच. पण बंबात त्यातली बरीचशी उष्णता मधल्या नळीतून वर निघून जाते. पाव हिस्सा पाण्याला मिळाला असं धरलं तर एका बादलीला अर्धा किलोच्या वर कागद लागला. सोळा पानी वर्तमानपत्र सत्तर-ऐंशी ग्रॅमच्या आसपास भरतं. म्हणजे एका माणसाच्या अंघोळीला आठवड्याची वर्तमानपत्रं खलास.

रद्दीला किलोला बारा रुपये धरा, जळाले सहा-सात रुपये. तीच बादली गॅसवर तापवली तर 75-80 ग्रॅम गॅस जातो. 14.2 किलोचा सिलिंडर नऊशे रुपयांचा धरला तरी ते पाच रुपयांच्या आतबाहेर होतात. तुमच्या गावचे भाव घालून पुन्हा मांडा, आकडे थोडे हलतील, पण रद्दी हे फुकटचं सरपण नाही हे उत्तर बदलणार नाही. नारळाच्या शेंड्या, करवंट्या, झावळ्या, वाळक्या काटक्या ह्यांना कुणी विचारत नाही. बंब त्यांच्यासाठीच आहे, खुशाल घाला. पेटवणाला वर्तमानपत्राचा एखादा बोळा लागतो, त्याबद्दल कुणी तुमच्याशी भांडणार नाही.

शिवाय कागद बंबात नीट जळतही नाही. घडी घातलेला अंक टाकला की कडा जळतात आणि आत हवा न शिरल्यानं मधली पानं नुसती धुमसतात. तोच धूर डोळ्यांना झोंबतो, आणि कार्बन मोनॉक्साइड व बारीक कण त्यातूनच येतात. सुटी पानं टाकली तर ती भसकन पेटतात आणि नळीतून पापुद्रे वर उडतात. जळलेलं पान करडं होऊन तसंच अखंड राहतं, त्यावरची अक्षरं वाचतासुद्धा येतात, आणि ते शेजारणीच्या वाळत घातलेल्या पातळावर अलगद जाऊन बसतं. त्यापुढचं संभाषण मी इथे लिहीत नाही.

गुळगुळीत रंगीत पानांचं आणखी वाईट. त्या गुळगुळीतपणासाठी कागदावर चिनी माती किंवा कॅल्शियम कार्बोनेटचा थर दिलेला असतो. तो जळत नाही, राख होऊन जाळीत बसतो आणि बंब कोंडतो. निळ्या शाईत बहुतेक वेळा तांब्याचं संयुग असतं, त्यामुळे ही राख झाडांना घालू नका आणि भांड्यांनाही लावू नका. चकचकीत गिफ्ट पेपर, चॉकलेटची वेष्टनं, कागदी कप ह्यांना आतून-बाहेरून प्लास्टिक असतं. ती तर चुकूनही बंबात नकोत. दुधा-ज्यूसच्या चौकोनी पुड्यांत तीन चतुर्थांश कागद असला तरी बाकी पॉलिथिन आणि ॲल्युमिनियम असतं. त्या वेगळ्या करणारे कारखाने वेगळे आहेत, तेव्हा धुऊन, चपट्या करून कचरावेचक ताईंकडे द्या.

अंगणात किंवा रस्त्याकडेला ढीग करून पेटवण्याचा विचार असेल तर तो सोडूनच द्या. 2016 च्या घनकचरा नियमांनी रस्त्यावर, सार्वजनिक मोकळ्या जागेत कचरा जाळायला मनाई केली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात राष्ट्रीय हरित लवादानं उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला 5,000 रुपये, मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्याला 25,000 रुपये दंड ठरवून दिला. बंब ह्यात येतो का, असा वाद घालता येईल. धुराला त्या वादाशी देणंघेणं नाही.

'मग ओल्या कचऱ्यात टाकून देऊ' हा पर्याय जाळण्याइतकाच वाईट. डेपोच्या ढिगात हवेवाचून कुजणारा कागद मिथेन सोडतो, आणि मिथेन हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या कितीतरी पट वरचढ आहे. देवनारचा ढीग 2016 च्या जानेवारीत पेटला तेव्हा अर्धी मुंबई खोकत होती.

बँकेच्या कागदांची तुमची भीती रास्त आहे. आधार आणि पॅनच्या झेरॉक्सा कुणाच्या हाती लागू नयेत हे खरंच. पण त्यासाठी आग लागत नाही, बादली लागते. नाव, खातं क्रमांक, फोटो असलेला भाग फाडून रात्रभर पाण्यात भिजत घाला, सकाळी हातानं कुस्करा, पिळून गोळा करा आणि खताच्या डब्यात टाका. उरलेला कोरा किंवा निरुपद्रवी भाग रद्दीत. ओल्या कचऱ्यात नायट्रोजन जास्त आणि कागदात जवळजवळ सगळा कार्बन, म्हणून खत नुसत्या भाजीच्या देठांपेक्षा बरं होतं, चिलटं आणि वासही कमी. बिनटेपच्या खोक्याचे तुकडे तर मी मुद्दाम घालतो. श्रेडर घेण्याच्या भानगडीत पडू नका. त्या बारीक पट्ट्या रद्दीवाला घेत नाही, आणि तंतू आयताच कापला जातो.

एटीएमच्या आणि दुकानाच्या पातळ, गुळगुळीत पावत्या मात्र ह्या कशातच नकोत. नखानं ओढलं आणि काळी रेघ उठली की समजायचं, हा उष्णतेवर छापणारा कागद. त्याच्या लेपात बिस्फेनॉल हे अपायकारक मानलं जाणारं रसायन असू शकतं. रद्दीत नाही, खतात नाही, बंबात तर नाहीच. पुन्हा वापरात न येणाऱ्या सुक्या कचऱ्यात टाका, आणि शक्यतो दुकानात घेऊच नका.

देवाची चित्रं असलेली कॅलेंडरं, पत्रिका, फाटक्या पोथ्या ह्यांच्यावर घराघरांत अडून बसतं. कागदाला पाय लागला तर नमस्कार करणारी माणसं आपण, ती रद्दीच्या काट्यावर कशी ठेवणार? म्हणून मग नदी. नदीत गेलेला कागद काठाला चिखलात लागतो, त्यावर कुत्री फिरतात, त्यापेक्षा भिजवून झाडाच्या बुंध्याशी मातीत घातलेला मला जास्त सोवळ्यातला वाटतो. हे माझं मत. तुमच्या घरी आजी असतील तर त्यांचं चालू द्या. दहाव्या-तेराव्याचं पत्र आपल्याकडे वाचून लगेच फाडतात, त्याचा प्रश्नच येत नाही.

भावाचं आणि काट्याचं म्हणाल तर घरी सामानाच्या बॅगा तोलायचा छोटा काटा असेल त्यावर गठ्ठा आधी तोलून ठेवा आणि वजन मोठ्यानं सांगूनच सौदा सुरू करा. वर्तमानपत्र, वह्या-पुस्तकं, पुठ्ठा असे तीन वेगळे गठ्ठे सुतळीनं बांधा. एकत्र दिलं की सगळ्याला पुठ्ठ्याचा भाव लागतो. मृगाच्या आधी द्या, ओल धरलेला कागद वजनाला वाढतो म्हणून घेणाराही नाक मुरडतो आणि वाळवीला आमंत्रण ते वेगळंच. आणि दहा-वीस रुपयांसाठी घासाघीस करायचा कंटाळा असेल तर दारात येणाऱ्या कचरावेचक बाईंना सरळ देऊन टाका. पुण्यात 1993 पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना आहे, तिच्यातून उभी राहिलेली 'स्वच्छ' ही सहकारी संस्था घरोघरचा कचरा गोळा करते, आणि सुका माल विकून आलेला पैसा त्या वेचकांचाच असतो. तुमच्या महिन्याच्या दोन-तीन किलोंनी तुम्ही श्रीमंत होत नाही, त्यांच्या शंभर घरांच्या बेरजेनं त्यांना फरक पडतो.

एक राहिलंच. गावाकडच्या घराची आवराआवर असेल आणि माळ्यावर, पेटीत, फडताळात रुमालात बांधलेले जुने कागद निघाले, अक्षर वाकडंतिकडं, एकही ओळ लागत नाही, तर ते जुन्या मोडी लिपीतले असण्याची शक्यता आहे. तो गठ्ठा ना बंबात, ना रद्दीत. अशा कित्येक घरांतली दप्तरं वाण्याच्या पुड्या होऊन गेली आहेत. 2023 मध्ये शासनानं कुणबी नोंदी शोधायला घेतल्या तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी भाव आला, आणि ज्यांच्या घरचे कागद आधीच गेले होते ते हात चोळत बसले. रुमाल सोडू नका, ओलीपासून लांब ठेवा, मोबाइलवर दोन-चार पानांचे फोटो काढा आणि मोडी वाचणाऱ्याला किंवा पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात दाखवा. इतिहासाचार्य राजवाड्यांच्या पुढाकारानं 1910 पासून ते असलेच कागद जमवत आले आहेत.