आवाज घुमतो की फिरतो?

सेलूच्या एका वाचकाचा प्रश्न: इलेक्ट्रोअकूस्टिक संगीत (ध्वनिमुद्रित वा यंत्रनिर्मित आवाजांवर प्रक्रिया करून स्पीकरमधून ऐकवलेलं) ऐकवताना वक्ता म्हणाला, 'आता आवाज तुमच्याभोवती घुमतोय.' हे हिंदी नव्हे का? 'फिरतोय' हवं ना?

आधी माझा राग. 'रविवारी वेरूळला घुमायला गेल्तो' हे आमच्या परभणी-नांदेडकडे हल्ली सर्रास ऐकू येतं. अहो, फिरायला जातात! वेरूळला घुमतो तो आवाज, दहाव्या लेण्याच्या कमानी छताखाली. माणूस घुमतो तो अंगात आल्यावर.

पण हिंदीला नुसतं झोडपूनही चालत नाही. प्राकृतात 'घुम्म' म्हणजे गरगरणंच. बाराव्या शतकात जैन व्याकरणकार हेमचंद्राने संस्कृत 'घूर्ण'ला तो पर्याय दिला. त्याच सूत्रात शेजारी 'घोल' बसलाय, आपल्या घोळण्याचा पूर्वज. हिंदीने फेरी ठेवली, आपण नाद ठेवला. 'घुमणे' हा नुसता घूं-घूंच्या नकलेतून आलाय म्हणणाऱ्या कोशपंडितांनी एकदा बारवेच्या काठावर बसून पारवा बघावा. मादीपुढे गळा फुगवून घुमतो, तेव्हा जागच्या जागी गिरक्याही घेतो. नाद आणि फेरी, एकाच पाखरात! (सेलूजवळच्या वालूरची बारव तर स्वतःच चक्राकार. असो.) 'घुमट' फारसी 'गुंबद'वरून आला, मान्य, पण 'ग'चा 'घ' कुणी केला? माझ्या मते आतल्या आवाजाने.

वक्त्याचं म्हणाल तर तो चुकला नाही. एका स्पीकरमधून दुसऱ्यात जाणारा आवाज फिरतो. पण आवाज ठरावीक लयीत फुगत-ओसरत राहिला, तर एकाच स्पीकरमधूनही कानाला चक्र भासतं. संगीतकार डेनिस स्मॉली यांनी १९८६ मध्ये अशाच चढण्या-उतरण्या-गरगरण्याची वर्गवारी मांडली. जर्मन संगीतकार श्टॉकहाउझेननी तर 'कोन्टाक्टे' या रचनेसाठी (१९५८-६०) स्पीकरच फिरत्या टेबलावर ठेवला आणि भोवती चार मायक्रोफोन लावून तो फिरता आवाज टिपला. त्याच रचनेत एक सूर खाली खाली घसरतो आणि शेवटी सुटे ठोके होऊन पडतो. सेकंदाला वीसेक ठोक्यांच्या वर कान ते मोजत नाही, सूर म्हणून ऐकतो. ठोके त्याखाली आले की एकेक ठोका, म्हणजे एकेक फेरी, वेगळी कळते. म्हणजे वर असताना तो मराठीत घुमतो, खाली आला की हिंदीत.